निनावी पत्रांची वहिवाट

संगणकाच्या आणि पुढे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून घराघरांत शिरणाऱ्या खोट्या वार्तांविषयी आज जे काही बोलले जाते, त्यात एक गृहीत सहसा कोणी तपासून पाहत नाही. हा सारा उपद्रव परदेशी यंत्राबरोबर आला आणि यंत्र येण्यापूर्वी गोरेगावासारख्या उपनगरातील सालस कुटुंबे एकमेकांना केवळ खुशालीची पत्रे लिहीत असत, असे ते गृहीत. वस्तुस्थिती तशी नाही. ज्यांनी १९७० नंतरचे दशक मोतीलाल नगर, उन्नत नगर, जवाहर नगर किंवा पांडुरंगवाडी येथे काढले आहे, त्यांना दुपारच्या टपालाने येणारे ते विशिष्ट पोस्टकार्ड आठवत असेल. त्यावर पाठवणाऱ्याचे नाव नसे, गाव नसे, साष्टांग नमस्कार नसे आणि अनेक आशीर्वादही नसत. माथ्यावर देवीचे किंवा बालाजीचे नाव असे, आणि त्याखाली दाटीवाटीच्या अक्षरांत असा मजकूर असे की अमुक क्षेत्रीच्या पुजाऱ्यास दृष्टांत झाला, ज्या शेतकऱ्याने या पत्राच्या एकवीस प्रती काढून वाटल्या त्यास गुप्तधन लाभले, आणि ज्या कारकुनाने ते हसण्यावारी नेऊन फाडले त्याची नोकरी आठवड्याच्या आत सुटली. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ हा चित्रपट अनपेक्षितपणे लोकप्रिय झाल्यावर या कार्डांना जो बहर आला तो पुढे कित्येक वर्षे ओसरला नाही.

कार्ड आल्यानंतर घरात जे घडे तेही पाहण्यासारखे असे. कर्ता पुरुष संध्याकाळी कचेरीतून येऊन ते वाची, ‘भाकडकथा’ म्हणून बाजूला टाकी आणि सदरा काढून चहाला बसे. दुसऱ्या दिवशी तो आठ-नऊच्या गाडीने चर्चगेटकडे रवाना झाला की घरातील वडीलधारी स्त्री, विश्वास असो वा नसो, ‘उगाच विषाची परीक्षा कशाला’ असे म्हणून स्टेशनाजवळच्या टपाल कचेरीतून कोरी कार्डे मागवी आणि ज्या मुलाचे अक्षर चांगले त्याला पाटावर बसवून प्रती काढून घेई. ‘अक्षर अंमळ बदलून काढ हो,’ अशी सूचनाही त्यास मिळे. पहिल्या सात-आठ प्रती ठसठशीत अक्षरांत उतरत, पुढे हात भरून येई, ओळी तिरक्या होत, पुजाऱ्याच्या गावाचे नाव बदले आणि सतराव्या प्रतीत शेतकऱ्याचा सावकार होऊन बसे. पत्त्यांचाही प्रश्न असे. एकवीस माणसे निवडायची, आणि ती अशी की हे आपल्याकडून आले हे त्यांना कळू नये.

या क्षुल्लक वाटणाऱ्या व्यवहारात असत्याला दोन लगाम घातलेले होते, आणि माझ्या मते निनावी पत्रव्यवहाराचा सारा इतिहास हे दोन लगाम क्रमाक्रमाने कसे सुटत गेले याचाच इतिहास आहे. पहिला लगाम खर्चाचा. हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले ते १८७९ साली, पाव आण्यात. शंभर वर्षांनंतरही ते दहा-पंधरा पैशांपलीकडे गेले नव्हते, तरी एकवीस कार्डे म्हणजे तीन रुपयांच्या घरात जाणारी रक्कम आणि एका दुपारची मेहनत होती. दुसरा लगाम नावाचा. कार्ड निनावी असले तरी हस्ताक्षर निनावी नसे, शिवाय टपालाचा शिक्का ते कोणत्या कचेरीच्या हद्दीत पडले याची चहाडी करीच. अक्षरावरून मावशीचे नाव निघाल्याने दोन कुटुंबांत अबोला आल्याची उदाहरणे चाळींच्या इतिहासात विरळा नसावीत.

नावाचा हा दंडक फार जुना. शिवकालीन पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी लहान मुद्रा उठवलेली असे, आणि तिचे प्रयोजन शोभेचे नव्हते. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एक अक्षर घुसडले तर ते दप्तराबाहेरचे समजावे, असा तिचा अर्थ. इंग्रजी अंमलात १८६७ च्या छापखान्यांविषयीच्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण घालणे सक्तीचे केले. १९५७ साली बृहन्मुंबईत सामील झालेल्या गोरेगावात पुढे मृणालताई गोरे यांच्या नेतृत्वाखाली पाण्यासाठी आणि महागाईविरुद्ध जे मोर्चे निघाले, त्या चळवळीची पत्रके याच शिरस्त्याने निघत. सरकारवर आणि महानगरपालिकेवर कितीही जहाल टीका असो, पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे असायचीच, म्हणजे ज्याला जाब विचारायचा त्याने कोठे यावे हे त्या कागदावरच लिहिलेले असे. देवीच्या नावाने छापून वाटल्या जाणाऱ्या चिठोऱ्यांवर मात्र ती ओळ बहुधा नसे.

कागदावाचून धावणाऱ्या अफवेची गोष्ट निराळी. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा, इस्पितळात नेलेल्या माणसांच्या देहातून गोरे डॉक्टर मोमियाई नावाचे औषध काढतात, ही वदंता गिरणगावात इतकी दृढ झाली की २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्यासाठी त्यांना ना टपाल लागले ना तार. त्यानंतर शंभर वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, २१ सप्टेंबर १९९५ रोजी, गणपती दूध पितो ही वार्ता दिल्लीकडून निघाली आणि त्याच दिवशी लंडन-न्यूयॉर्कच्या देवळांपर्यंत जाऊन पोहोचली. मुंबईत भाविकांच्या रांगा लागल्या. पृष्ठताणामुळे चमच्यातील दूध मूर्तीच्या अंगावरून ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले, परंतु खुलाशाला रांग लागत नाही. गोरेगावापुरते बोलायचे तर ज्या गावाच्या पूर्वेस १९४९ साली स्थापन झालेली आरे दुग्धवसाहत आहे, आणि जेथील दुधाने पिढ्यान् पिढ्या मुंबईचा चहा झाला, तेथेही त्या दिवशी वाटीभर दूध घेऊन देवळाकडे निघालेल्या माणसांना ‘थांबा’ म्हणणारा कोणी भेटला असेल असे वाटत नाही.

या घटनेची तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यापूर्वी जेमतेम पाच आठवडे, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा खुली केली होती. म्हणजे या देशातील त्या काळची सर्वांत वेगवान अफवा इंटरनेट हाताशी असतानाही एस.टी.डी.च्या तारांवरूनच धावली, कारण इंटरनेटवर तेव्हा अफवा सांगायला माणसेच नव्हती.

अगदीच नव्हती असे म्हणणेही बरोबर नाही. १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने उभारलेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याचे एक प्रमुख ठाणे गोरेगावाहून काही स्थानके दक्षिणेस, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होते. रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था तर गोरेगाव पूर्वेच्या टेकडीवर, चित्रनगरीच्या रस्त्यालाच आहे. अशा संस्थांतील संशोधकांना परदेशातील सहकाऱ्यांशी विद्युत्पत्रे लिहिण्याची सवय विदेश संचार निगमाच्या ग्राहकांहून आधीच लागलेली होती. टेकडीखालच्या वसाहतींना याची खबर असण्याचे कारण नव्हते. त्यांचा या विश्वाशी संबंध आला तो अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलामुलींमुळे.

ही मुले तेथील विद्यापीठांत यूजनेट नावाच्या चर्चामंडळांत लिहीत. मराठी भाषकांचाही त्यांत स्वतंत्र गट होता. देवनागरी उमटत नसल्याने रोमन अक्षरांत मराठी लिहिली जाई आणि ‘काळ’ लिहिला की ‘काल’ हे ज्याने त्याने संदर्भाने ठरवावे लागे. विषय अर्थातच घरचे असत: पुरणपोळीला कोणती कणीक चालते, मुंबईचे श्रेष्ठ की पुण्याचे, आणि मुलांशी मराठीत बोलावे की बोलू नये. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतून ‘मायबोली’ सुरू झाली, पुढे २००४ मध्ये ‘मनोगत’ आणि २००७ मध्ये ‘मिसळपाव’ आले. या मंडळांवर भांडणे पुष्कळ झाली, कंपूही झाले. तरी तेथे टोपणनावाने लिहिणारा माणूसही वर्षानुवर्षे त्याच टोपणनावाने लिहीत असल्यामुळे त्या नावाची पत तो राखून असे, आणि काही धादांत खोटे लिहिले तर चार जाणकार पुराव्यानिशी त्याची रुजवात करून घेत. निनावीपणा आणि बेजबाबदारपणा या दोन भिन्न वस्तू आहेत हे मला या मंडळांकडे पाहूनच प्रथम नीट उमगले.

अनाहूत जाहिरातीचा उदय मात्र याच प्रदेशात झाला. १९७८ च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थ्युअर्क नामक विक्रेत्याने आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण अर्पानेटवरील सुमारे चारशे जणांना एकाच फटक्यात धाडले, हा त्याचा आरंभ समजतात. तेव्हा तक्रारी झाल्या, ताकीद मिळाली आणि प्रकरण मिटले. १९९४ च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनातील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने अमेरिकेच्या ‘ग्रीन कार्ड लॉटरी’ची जाहिरात यूजनेटच्या हजारो गटांत एकाच वेळी टाकली तेव्हा मात्र ताकिदीचा काही उपयोग झाला नाही. उलट हा उद्योग कसा करावा यावर त्या दांपत्याने पुस्तक लिहिले. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी तिकडे होती त्या घरांत ग्रीन कार्ड या दोन शब्दांना केवढे वजन असे हे सांगायला नको, आणि गंमत अशी की हिंदुस्थानात जन्मलेल्यांना ती सोडत मुळी खुलीच नव्हती. ज्या देशांतून आधीच पुष्कळ लोक अमेरिकेत जात होते ते तिच्यातून वगळलेले होते. जाहिरात करणाऱ्याला याची फिकीर असण्याचे कारण नव्हते, कारण एक गट वगळण्याचे श्रम सर्व गटांना पाठवण्याच्या श्रमाहून अधिक होते.

येथे पहिला लगाम तुटला. पोस्टकार्डाचा खर्च पाठवणाऱ्याच्या माथी होता, या जाहिरातीचा खर्च घेणाऱ्याच्या माथी आला. गोरेगावातील ज्या थोड्या घरांत विदेश संचार निगमाचे खाते होते, तेथे दूरध्वनीच्या तारेतून मोडेमचा तो कर्कश आलाप ऐकत जोडणी मिळेपर्यंत थांबावे लागे. खात्यावरचे तास मोजून विकत घेतलेले असत, शिवाय महानगर टेलिफोन निगमचे बिल वेगळे येई आणि तेवढा वेळ घरचा फोनही अडून राही. इतके सायास करून पेटी उघडावी तर आत वजन घटवण्याची औषधे आणि नायजेरियातील कोणा दिवंगत अधिकाऱ्याच्या कोट्यवधी डॉलरांचे आमिष. तिकीट न लावता टाकलेले पत्र पोस्टमनला दुप्पट आकार देऊन सोडवून घ्यावे आणि आत लठ्ठपणावरचा रामबाण उपाय निघावा, तशातला हा प्रकार. फरक इतकाच की पोस्टमनला ‘नको, परत न्या’ म्हणण्याची मुभा असे.

दुसरा लगाम तर घातलेलाच नव्हता. विद्युत्पत्रांची ने-आण ज्या नियमावलीने होते ती जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिली, तेव्हा हे जाळे परस्परांना ओळखणाऱ्या विद्वानांचे होते. पत्र पाठवणाऱ्याने ‘प्रेषक’ या जागी स्वतःचेच नाव लिहिले आहे काय, याची तपासणी तीत ठेवण्याचे कोणाला सुचले नाही. परिणामी कोणीही कोणाच्याही नावाने पत्र धाडावे आणि यंत्राने ते निमूटपणे पोहोचते करावे, अशी वहिवाट पडली. नंतर तपासणीच्या तजविजी पुष्कळ झाल्या, पण त्या जुन्या वाड्याला मागून लोखंडी दरवाजे बसवावेत तशा.

या अनोळखी जाहिरातदाराने गोरेगावकरांचा फक्त वेळ घेतला, त्यांचा विश्वास त्याने कधीच मिळवला नाही. विश्वासाचा व्यवहार झाला तो फॉरवर्ड या प्रकाराने, कारण तो ओळखीच्या माणसाकडून येई. मंत्रालय, नरिमन पॉइंट आणि अंधेरी-सीप्झ येथील ज्या कचेऱ्यांत १९९८-९९ पर्यंत ईमेल आले, तेथील गोरेगावकर असली पत्रे कचेरीच्याच कागदावर छापून घरी आणीत. असा एखादा कागद नीट पाहिला तर त्यात एक समग्र बखर सापडते. वरची दीड-दोन पाने नुसत्या पत्त्यांची. कोणी ‘जी.आय.ए.एस.बी.एम. शून्य एक’ असे लांबलचक शेपूट असलेल्या विदेश संचार निगमाच्या पत्त्यावरचा, कोणी हॉटमेलचा, कोणी न्यू जर्सीतील कंपनीतला, आणि त्यात मधेच आपल्याच इमारतीतील कुलकर्ण्यांच्या जावयाचे नाव. प्रत्येक ओळीच्या आरंभी उजवीकडे टोक केलेल्या बाणासारख्या खुणा, जितक्या हातांतून पत्र गेले तितक्या. त्या खुणांनी ओळी मधेच तुटून पुढच्या ओळीवर एकेक शब्द लोंबकळत असलेला. आणि हे सर्व ओलांडून गेल्यावर शेवटी जेमतेम पाच ओळींचा मजकूर की ‘गुड टाइम्स’ या मथळ्याचे पत्र उघडू नका, उघडल्यास संगणकातील सर्व माहिती पुसली जाईल, ही सूचना आपल्या सर्व परिचितांना त्वरित कळवा. ही थाप १९९४ च्या अखेरीस अमेरिकेत निघाली होती. त्या वेळचे साधे अक्षरी पत्र नुसते वाचल्याने संगणकाचे काहीही बिघडणे शक्य नव्हते. खरा विषाणू काय तो हे पत्रच होते, आणि त्याचा प्रसार काळजी करणाऱ्या माणसांनी स्वहस्ते केला. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेले ‘आय लव्ह यू’ हे खरोखर घातक पत्र आले, तोपर्यंत कचेऱ्यांतील मंडळी अशा सूचनांना इतकी सरावली होती की खरी सूचना कोणती हे ओळखणे दुरापास्त झाले. पत्त्यांच्या त्या दीड-दोन पानांचा उपयोग कोणी केला असेल तर तो जाहिरातदारांनी. आयती फेरिस्त हाती लागल्यावर ती कोण सोडील?

एकवीस प्रतींची सक्ती येथे नाहीशी झाली आणि तिच्या जागी परोपकार आला. माझ्या माहितीतील सर्वांत खेदजनक उदाहरण याच परोपकाराचे आहे, आणि ते मुंबईतलेच आहे. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका क्षेत्रीय प्रकल्पातून ‘चाइल्डलाइन’ ही संकटग्रस्त मुलांसाठीची दूरध्वनी सेवा मुंबईत सुरू झाली. क्रमांक १०९८. घरातून पळालेले, फलाटावर आजारी पडलेले, मारहाण सोसणारे मूल, किंवा असे मूल पाहणारा कोणीही, नाणे न टाकता हा क्रमांक फिरवू शके. काही वर्षांनी अशी एक ईमेल फिरू लागली की आपल्या घरच्या कार्यात अन्न उरल्यास १०९८ ला कळवा, त्यांची माणसे येऊन ते घेऊन जातील आणि भुकेल्या मुलांना वाढतील. कल्पना इतकी सात्त्विक की शंका घेणाऱ्याचीच लाज वाटावी. लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला पातेलेभर मसालेभात आणि परातभर जिलबी उरली आहे, यजमान दमून गेले आहेत, केटररचा माणूस भांडी रिकामी करून मागतो आहे, अशा वेळी कोणा भाच्याला तो निरोप आठवे आणि १०९८ फिरवला जाई. अन्न गोळा करण्याची कोणतीही व्यवस्था त्या संस्थेकडे नव्हती. तसे तिने वारंवार जाहीर केले. पण जितका वेळ मसालेभाताची विचारपूस चालली तितका वेळ ती तार एखाद्या मुलासाठी बंद राहिली. हा खुलासा निघून आता कित्येक वर्षे झाली, तरी प्रत्येक लग्नसराईत तो निरोप नव्याने उगवतो. निरोप पाठवणाऱ्यांत दुष्ट कोणीच नाही, म्हणूनच त्याला आवरणे कठीण.

बाकीच्या थापा त्या मानाने निरुपद्रवी. दिवाळीच्या रात्रीचे म्हणून जे भारताचे उपग्रहचित्र दरवर्षी येते, ते वस्तुतः अनेक वर्षांच्या रात्रीच्या दिव्यांची वाढ रंगांनी दाखवणारे एक संमिश्र चित्र आहे, आणि आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात सर्वोत्कृष्ट ठरवल्याचे युनेस्कोलाच ठाऊक नाही. मराठीची खास भर म्हणजे दिवंगत साहित्यिकांच्या नावावर खपवलेला मजकूर. पु. ल. देशपांडे २००० साली निवर्तले. त्यानंतर त्यांच्या नावे जितके विनोद फिरले त्यांतील कित्येक त्यांनी स्वतः ऐकले असते तर गोरगरिबांना मदत म्हणूनही आपले नाव दिले नसते. व. पु. काळ्यांची वाक्ये तर रोज सकाळी नव्याने जन्मतात. येथे नावाचा लगाम केवळ तुटलेला नाही, तोच दोर दुसऱ्याच्या गळ्यात बांधला आहे.

भ्रमणध्वनी आला आणि प्रत काढण्याचा उरलासुरला खर्चही गेला. इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेचा एक समूह, शाळासोबत्यांचा एक, सकाळच्या लोकलमधील भजनी मंडळाचा एक, अशी प्रत्येकाची मंडळे झाली, आणि पूर्वी जी दुपार एकवीस कार्डांना लागे तीत आता एकवीसशे माणसे सहज गाठता येऊ लागली. याचे पर्यवसान १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात झाले. मुले पळवणारी टोळी हिंडते आहे, अशा निरोपांनी कित्येक दिवस धास्तावलेल्या त्या भागात, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारले. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी तयार केलेल्या प्रबोधनपर चित्रफितीचा तुकडा होती. मुलाला उचलून नेणारे दुचाकीस्वार त्याला परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक धरतात, तो तिचा शेवटच कोणी कापून टाकलेला होता. मर्यादेची मुद्रा ज्या जागी उठवीत, नेमकी ती जागा. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने हिंदुस्थानात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल असा निर्बंध घातला. एकवीसाचे पाच झाले, परंतु पाचाचे पुन्हा पाच करण्यास मनाई नव्हती.

दरम्यान प्रवाहाची दिशाही फिरली होती. गोरेगावच्या निर्लॉन कारखान्याच्या जागेवर माहिती-तंत्रज्ञानाचे संकुल उभे राहिले, मालाडला कॉल सेंटरे आली, आणि रात्रपाळीत अमेरिकी नावे धारण करून अमेरिकी उच्चारांत बोलणारी मुले-मुली या उपनगरांत वावरू लागली. बहुतेकांचा उद्योग सचोटीचा होता. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये पश्चिम रेल्वेच्याच मीरा रोडवर ठाणे पोलिसांनी छापे घातले तेव्हा, अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील नागरिकांना तुरुंगाचा धाक घालणारी आणि पैसे उकळणारी कॉल सेंटरे उघडकीस आली. शेकडो तरुण तेथे कामाला होते. १९९४ साली जे आमिष ॲरिझोनातून इकडे आले होते त्याची ही परतफेड म्हणावी, तर फसलेले लोक वेगळे होते आणि फसवणाऱ्यांतील कित्येक तेव्हा जन्मलेही नसतील.

आता हाच धाक इकडच्यांनाही घातला जातो. पोलिसांचा गणवेश घालून चलच्चित्रातून बोलणारा तोतया निवृत्त माणसाला ‘डिजिटल अटक’ करतो आणि मुदतठेवी मोडायला लावतो. अशा फसवणुकीसाठी सरकारने १९३० हा मदत क्रमांक ठेवला आहे, आणि पोलीसही वेळोवेळी सूचना काढतात. गोरेगावच्या गृहनिर्माण संस्थांच्या समूहांवर या सूचना येतात त्या ठळक अक्षरांत, उद्गारचिन्हांसह, ‘सर्वांना त्वरित कळवा’ या तळटिपेसह, आणि बहुधा कोणा वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने. त्यांतील काही खऱ्या असतात, काहींतील अधिकारीच त्या हुद्द्यावर नसतो, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. सकाळी चहा घेताना त्या वाचणारे निवृत्त गृहस्थ दोन्हींवर सारखाच अंगठा उमटवतात आणि दोन्ही पुढे पाठवतात.